'लेक' म्हणजे खेळणं, तळं नव्हे

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बोलीतला 'लेक' (खेळणे) तळ्याकाठच्या खेळांवरून आला, असं म्हटलं जातं, पण ते पटत नाही. तळ्याचा इथे आपल्या लेकीइतकाच संबंध! मूळ आहे जुन्या नॉर्समधलं (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतलं) 'लेइका'. नवव्या शतकात यॉर्कच्या आसपास डेन (डेन्मार्ककडचे) लोक स्थायिक झाले, त्यांच्याबरोबर ते आलं. जुन्या इंग्रजीत 'लाकान' हे भावंड होतंच, पण नुसत्या आजच्या उच्चारावरून निवाडा होत नाही: जुन्या 'स्टान'चा (दगड) दक्षिणेत 'स्टोन' झाला तरी उत्तरेत 'स्टेन'च झाला, तसा 'लाकान'चाही 'लेक' झाला असता. निवाडा करतात मध्ययुगीन स्पेलिंगं. त्यांत 'एइ', 'आइ' असे जोडस्वर दिसतात आणि ते नॉर्सकडेच बोट दाखवतात.

या शब्दाला दुसरा अर्थही आहे. कापडगिरण्या आणि कोळसा खाणींत 'लेकिंग' म्हणजे काम बंद, कामगार रिकामा. खेळबिळ काही नाही, मजुरी बुडाली एवढंच. शब्दकोशात फक्त 'खेळणे' पाहून जुनी पत्रं वाचली तर हमखास फसगत होते. आणि हो, खेळण्यांचं 'लेगो' हे नाव याच घराण्यातलं: डॅनिश 'लाय गॉट', म्हणजे 'छान खेळा', याचं 1934 मधलं लघुरूप.