9 मिमीसाठी पहिली पावडर कोणती: पुंगळी भरणारी की कमी लागणारी?

पितळवाला

अमेरिकेत घरी पिस्तुलाची काडतुसं भरायला जो नव्यानं लागतो, त्याला हमखास टाइटग्रुप या जलद जळणाऱ्या पावडरीचा (काडतुसातल्या दारूचा) डबा सुचवला जातो. कमी लागते, मापातून (पावडर मोजून ओतणाऱ्या साधनातून) सरळ पडते, ही कारणं. दोन्ही खरी आहेत. तरीही 9 मिमीसाठी पहिला डबा तो नसावा, असं माझं ठाम मत आहे.

टाइटग्रुपचं नेहमीचं माप, म्हणजे एका काडतुसाला लागणारी पावडर, 9 मिमीच्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) निम्म्याच्याही खाली राहतं. चुकून दोनदा पडली तरी सांडत नाही, मावते. वर बुलेट दाबून बसवली की बाहेरून काही कळत नाही. 9 मिमीची मान्य दाबमर्यादा 35,000 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आहे. दुप्पट पावडरीचं काडतूस पिस्तूल फोडतं, आणि ते हातात असताना फोडतं.

याउलट युनिक किंवा पॉवर पिस्टल या जास्त जागा घेणाऱ्या पावडरी घ्या. दुसरं माप पडलं की पावडर काठावरून टेबलावर येते. चूक आपणहून ओरडून सांगते. नवख्याला याहून चांगला राखणदार नाही.

काटेकोर

असहमत. सुरक्षितता पावडर किती जागा घेते यावर सोपवली की माणूस बघायचं सोडतो.

युनिक म्हणजे मोठे चपटे कण. मापाच्या नळीत ते अडकतात, पूल बांधतात. एका पुंगळीत कमी, पुढच्या पुंगळीत उरलेलं जास्त. दुप्पट सांडेल हे खरं, पण कमी पडलेलं सांडत नाही. त्यातून फुसका बार होतो आणि बुलेट पिस्तुलाच्या नळीतच अडकते. मागून दुसरी गोळी झाडली की नळी फुगते. हा धोका तुम्ही मोजलाच नाही.

आणि पॉवर पिस्टलचा भडका नि आवाज नवख्याला दचकवतो. सरावासाठी ती पावडर कशाला?

स्पर्धेचा हिशेब बघा. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्पर्धेत मायनर या खालच्या गटाला किमान 125 पॉवर फॅक्टर लागतो: बुलेटचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले 1000. 124 ग्रेनची बुलेट 1050 फुटांनी गेली की 130 भरतात, म्हणजे थोडी राखीवही राहते. एवढ्यासाठी जलद जळणारी पावडर कमी लागते. नळीतून बाहेर जाणाऱ्या वायूचं वजनही धक्क्यात धरलं जातं, म्हणून त्याच वेगाला हाताला धक्का कमी बसतो. एका पाउंडात 7000 ग्रेन असतात. 4 ग्रेनचं माप असेल तर 1750 काडतुसं, 6 ग्रेनचं असेल तर साडेअकराशेच्या आसपास.

पितळवाला

मापात पूल बांधतात हे मान्य. पण वजनाचा काटा पण बघा की. काही बुलेटसाठी टाइटग्रुपच्या छापील कोष्टकात सुरुवातीचं आणि कमाल माप यांत 0.3 ग्रेनचं अंतर आहे. 0.1 ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. डोक्यावर पंखा फिरत असेल तर स्वस्त इलेक्ट्रॉनिक काटा तेवढा सहज भटकतो. सावकाश जळणाऱ्या पावडरीत ही पट्टी बरीचदा रुंद असते. नवख्याला चुकायला जागा हवी.

शिवाय जलद पावडरीत बुलेट खोल बसली तर दाब झपाट्यानं चढतो, कारण 9 मिमीत रिकामी जागाच थोडी. कॅलिपरनं तयार काडतुसाची लांबी मोजायची, बुलेटचं टोक टेबलाच्या कडेवर अंगठ्याच्या जोरानं दाबायचं आणि परत मोजायचं. लांबी घटली तर पुंगळीची पकड सैल आहे. मग पावडर कोणतीही असो, ती तुकडी झाडायची नाही.

मधलीवाट

दोघेही टोकाला गेलात. एचपी-38 ही पावडर घ्या. कण बारीक, मापातून छान पडते. 9 मिमीत पुंगळी साधारण अर्धी भरते, दुप्पट पडली तर काठापर्यंत येते आणि लगेच डोळ्यात भरते. विंचेस्टर 231 ही तीच पावडर, लेबल वेगळं. एक मिळाली नाही तर दुसरी शोधा. पण ज्या लेबलाचा डबा, त्याच लेबलाचं कोष्टक उघडा, आणि सुरुवातीच्या मापापासूनच चढा. इंटरनेटवर कुणी लिहिलेल्या मापावर काडतूस भरू नका, म्हणून मीही इथे माप लिहिणार नाही.

लेपवाल्या शिशाच्या बुलेट वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. टाइटग्रुपमध्ये नायट्रोग्लिसरीन जास्त, ज्वाळा तप्त. धूर जास्त होतो. फिनलंडची एन-320 पावडर तिथे कितीतरी स्वच्छ, फक्त महाग.

काटेकोर

एचपी-38 ला माझी हरकत नाही. पण खरी चूक पावडर निवडताना होत नाही, प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे दांड्याच्या एका ओढीत अनेक पुंगळ्यांवर एकेक काम करणाऱ्या यंत्रावर, होते. प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) अडकला, दांडा अर्ध्यातून परत ओढला, पुंगळ्यांची तबकडी पुढे सरकली नाही, आणि त्याच पुंगळीत दुसरं माप पडलं. अडखळलं की त्या घरातली पुंगळी बाहेर काढून पावडर परत ओतायची, हा एकच नियम. अंदाज बांधायचा नाही.

पहिली पाचशे काडतुसं एका वेळी एकच पुंगळी घेणाऱ्या साध्या एकघरी प्रेसवर भरा. 50 पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा, सगळ्यांत पावडर टाका, मग बॅटरीचा झोत तिरका धरून आत बघा. पन्नास पातळ्या एका रांगेत दिसतात. एखादी उंच किंवा खोल असेल तर कमी उजेडातही चुकत नाही. मापाची पहिली दहा ओतणी डब्यात परत, मग दर दहावी तोलायची.

कोल्हापूरकर

हे भारतात घरी चालतं का?

मधलीवाट

नाही. शस्त्र कायदा 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना असला म्हणून काडतूस भरायची मुभा मिळत नाही. वरची चर्चा अमेरिकेतली आहे.

पितळवाला

तिरक्या झोताचं पटलं. पण 38 स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाचं काय? ती पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, लांबलचक. तिथे टाइटग्रुप दोनदा काय, तीनदा मावते.

काटेकोर

मावते. पण तिथेच तिचा खरा उपयोगही आहे. मोठ्या रिकाम्या पुंगळीत थोडी पावडर कधी प्रायमरजवळ असते, कधी बुलेटजवळ, आणि त्याप्रमाणे वेग बदलतो. टाइटग्रुपला हा फरक कमी पडतो. म्हणून 38 ला ती चालेल, पण फक्त ठोकळ्यावर, झोत मारून.

पितळवाला

मग 38 पुरती माझी हरकत मागे घेतो. 9 मिमीची घेत नाही. आणि पावडर कोणतीही असो, काम थांबलं की मापाच्या टाकीतून मूळ डब्यात परत ओता. टाइटग्रुप प्लास्टिकच्या टाकीत राहिली की भिंत तपकिरी, धुरकट होते. त्याहून वाईट म्हणजे आठवड्यानं टाकीत काय आहे ते सांगता येत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा. ओळख पटत नसलेली, तांबूस धूळ धरलेली किंवा आंबूस वास येणारी पावडर भरायची नाही.