‘गोळीबार केला’ की ‘गोळीबार करावा लागला’? पोलीस गोळीबार आणि जनक्षोभाच्या शब्दांविषयी

पोलिसांच्या गोळीने माणूस मेला, लोक रस्त्यावर आले, वाहने पेटली, संचारबंदी लागली. अशा घटनेविषयी मराठीत लिहिताना ‘दंगल’ म्हणावे, ‘उद्रेक’ म्हणावे की ‘जनक्षोभ’, असा प्रश्न चर्चेला आला आहे. प्रश्न नामांचा आहे. पण माझ्या मते अशा मजकुरात खरा निवाडा क्रियापदातच होऊन गेलेला असतो, आणि नामापर्यंत पोचण्याआधीच वाचकाने नकळत एक बाजू घेतलेली असते. म्हणून आधी क्रियापदाविषयी लिहितो.

‘पोलिसांनी गोळीबार केला’ आणि ‘पोलिसांना गोळीबार करावा लागला’ ही दोन वाक्ये एकच घटना सांगतात असे वरवर वाटते. पहिल्यात कोणी काय केले एवढेच आहे. दुसऱ्यात ‘पोलिसांनी’चे ‘पोलिसांना’ झाले आहे, आणि ‘लागणे’ या सहायक क्रियापदामुळे दुसरा कोणताही मार्ग उरला नव्हता हे विधान वाक्यात सामावले गेले आहे. ‘मला अचानक गावी जावे लागले’ असे कोणी म्हणाले, तर जाणे आवश्यक होते का, असे आपण उलट विचारत नाही; सक्तीची खात्री त्या रचनेनेच दिलेली असते. नेमकी हीच खात्री पोलीस गोळीबाराच्या बाबतीत सर्वांत वादग्रस्त असते. आयोग नेमले जातात, साक्षी होतात, खटले चालतात, ते गोळीबार करणे भाग होते का हे ठरवण्यासाठीच. बातमीदार ‘करावा लागला’ असे लिहितो तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर त्याने घटनेच्या संध्याकाळीच देऊन टाकलेले असते.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी काय झाले ते आठवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी लोकांना दिसला, संतप्त रहिवासी महामार्गावर जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. जमाव इंधनाचे टँकर पेटवण्याच्या बेतात होता म्हणून गोळीबार करावा लागला, अशी पोलिसांची बाजू होती. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ती ग्राह्य धरली नाही, आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात त्याला जामीन मिळाला. ज्या वाक्याची परीक्षा व्हायला बारा वर्षे गेली, ते वाक्य पहिल्याच दिवशी व्याकरणाच्या आधाराने सिद्ध मानणे बरोबर नाही, असे मला मनापासून वाटते. ‘आपल्याला गोळीबार करावा लागला, असे पोलिसांचे म्हणणे आहे’ असे लिहिता येते. त्यात चार शब्द अधिक जातात, पण सक्तीचा दावा कोणाचा आहे हे स्पष्ट राहते.

याच्या जोडीला आणखी एक सवय आहे. लोकांच्या कृती सांगताना आपण कर्ता न चुकता लिहितो: ‘जमावाने दगडफेक केली’, ‘आंदोलकांनी गाड्या पेटवल्या’, ‘निदर्शकांनी महामार्ग रोखून धरला’. गोळीची वेळ आली की कर्ता नाहीसा होतो: ‘गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला’. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर आंदोलन केले, तेव्हा पोलिसांच्या गोळ्यांनी एका महिलेसह तिघांचा जीव गेला. त्याविषयी ‘आंदोलनात तिघांचा मृत्यू’ असे लिहिले, तर ‘पुरात तिघांचा मृत्यू’ किंवा ‘अपघातात तिघांचा मृत्यू’ या ओळीत ते सहज बसते. सप्तमीचा तो ‘त’ घटनेला नैसर्गिक आपत्तीचे रूप देतो. वाक्यात एका पक्षाला कर्ता म्हणून उभे करायचे आणि दुसऱ्याला लपवायचे, असा न्याय असू नये. दगड कोणी मारले हे सांगायचे असेल, तर गोळ्या कोणी झाडल्या हेही त्याच रीतीने सांगावे.

‘माहिती’, ‘दावा’ आणि ‘आरोप’ हे तीन शब्दही असेच वाटून दिलेले आहेत. पोलीस ‘माहिती’ देतात, मृताचे नातेवाईक ‘आरोप’ करतात, वकील ‘दावा’ करतात. ‘माहिती’ हा शब्द खरेपणा गृहीत धरतो. खोटी असेल तर ‘खोटी माहिती’ असे विशेषण मुद्दाम लावावे लागते. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या नांतेर येथे २७ जून २०२३ रोजी सतरा वर्षांच्या मुलाला वाहतूक तपासणीच्या वेळी पोलिसाने गोळी घातली. गाडी पोलिसांच्या अंगावर घातली जात होती, असे आधी सांगण्यात आले. पण थांबलेल्या गाडीच्या खिडकीशी उभा राहून पोलिसाने पिस्तूल रोखले होते, हे कोणीतरी टिपलेल्या चित्रफितीत दिसले. देशभर अनेक रात्री जाळपोळ आणि लुटालूट झाली. सुरुवातीचे ते निवेदन ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार’ असे छापणारे वृत्त दुसऱ्या दिवशी उघडे पडते. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ असे छापणारे वृत्त टिकते. ‘म्हणणे’ हा शब्द साधा आहे आणि कोणाचाही अपमान न करता तो सर्वांना सारखा लावता येतो.

आता ‘गोळीबार’ या शब्दाकडे वळतो. ‘बार’ म्हणजे स्फोट, दारूचा धडाका. बार उडतो, बार भरतात. त्यामुळे ‘गोळीबार’ म्हटले की अनेक बंदुका, अनेक गोळ्या आणि समोर समूह, असे चित्र मराठी मनात उभे राहते, आणि त्यामागे १९५५ चा फ्लोरा फाउंटन आहे. परदेशातल्या बातम्या मराठीत आणताना याचा विसर पडतो. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन या जेमतेम एकवीस हजार वस्तीच्या गावात ९ ऑगस्ट २०१४ रोजी एका गोऱ्या पोलिसाने अठरा वर्षांच्या नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळ्या घातल्या. त्याचा मृतदेह सुमारे चार तास भर रस्त्यात पडून होता. या प्रसंगाला ‘फर्ग्युसनमधील पोलीस गोळीबार’ म्हटले, तर निदर्शकांवर गोळ्या चालल्या असा मराठी वाचकाचा समज होतो, आणि निदर्शने या घटनेमुळे सुरू झाली हा क्रमच उलटा होतो. एका व्यक्तीवर शस्त्र चालवले असेल तेथे ‘गोळ्या झाडल्या’ किंवा ‘गोळी घातली’ असे लिहावे आणि ‘गोळीबार’ हा शब्द समूहावरच्या किंवा दोन पक्षांतल्या माऱ्यासाठी राखावा, असे मी सुचवतो.

‘चकमक’ या शब्दाविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. चकमकीने ठिणगी पडायची तर गारगोटीवर पोलादाचा आघात व्हावा लागतो. दोन कठीण वस्तूंची परस्परांशी गाठ हाच त्या शब्दाचा गाभा आहे, आणि म्हणून तो दोन सशस्त्र पक्षांतल्या झटापटीसाठी रूढ झाला. एकाच बाजूने गोळ्या सुटल्या असतील, तर ती चकमक नव्हे. ‘बनावट चकमक’ हा शब्दप्रयोग आपण तयार केला, म्हणजे मूळ शब्दाचा अर्थ आपल्याला नीट ठाऊक आहे. तरीही ‘चकमकफेम अधिकारी’ असे बिरुद मराठी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे छापले. ‘कंठस्नान घातले’, ‘यमसदनी धाडले’ हे वाक्प्रचारही याच घराण्यातले आहेत. ते वीररसाच्या वर्णनात शोभतात. संशयिताच्या मृत्यूच्या वृत्तात ते आले की तपास, आरोपपत्र, पुरावा आणि शिक्षा हे सारे टप्पे एका वाक्प्रचाराने ओलांडले जातात. महाराष्ट्रातल्याच चकमकींविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सोळा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत चकमकीतल्या मृत्यूचा प्राथमिक माहिती अहवाल नोंदवावा आणि तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करावा, असे म्हटले आहे. न्यायालय ज्याला तपासाची सुरुवात मानते, त्याला आपल्या भाषेने शेवट मानू नये.

मूळ प्रश्न दंगल, उद्रेक आणि जनक्षोभ यांचा. ‘दंगल’ हा शब्द कुस्तीच्या आखाड्यालाही लावतात, आणि रूढ मराठीत तो दोन गट एकमेकांवर धावून जातात अशा प्रसंगाला शोभतो. लोक आणि राज्ययंत्रणा समोरासमोर असताना ‘दंगल’ लिहिले, की एक पक्ष दृष्टीआड होतो आणि उरतात ते दंगेखोर. ‘उद्रेक’ याच्या उलट टोकाला जातो. संस्कृतात उद्रेक म्हणजे आधिक्य, भरून उतू जाणे; आज आपण तो ज्वालामुखीला आणि साथीच्या रोगाला लावतो. साचलेले बाहेर आले हा अर्थ त्यात छान उतरतो, पण दुकान कोणीतरी काडी ओढून पेटवले आणि त्या दुकानदाराचे आयुष्यभराचे नुकसान झाले, ही गोष्ट त्यात बुडून जाते. ‘जनक्षोभ’ मला सर्वांत नेमका वाटतो, कारण क्षोभ म्हणजे ढवळून निघणे. तो मनाची अवस्था सांगतो आणि कृतीविषयी काहीच ठरवत नाही. म्हणून ‘जनक्षोभ उसळला’ असे म्हणून पुढे ‘काही जणांनी दुकाने लुटली’ असे स्वतंत्र वाक्य लिहिता येते. सर्व निदर्शकांना लुटारू न ठरवता लूट झाली हे सांगण्याची सोय त्यात आहे.

फर्ग्युसनच्या बाबतीत हा ‘साचलेले’चा मुद्दा कागदोपत्री सिद्ध झाला. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये एकाच दिवशी दोन अहवाल प्रसिद्ध केले. गावात कृष्णवर्णीयांचे प्रमाण ६७ टक्के, पण रस्त्यात थांबवलेल्या वाहनचालकांत ८५ टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के, असे एका अहवालाने दाखवले. दंडवसुली हे नगरपालिकेच्या उत्पन्नाचे साधन झाल्याचेही त्यात नोंदवले होते. दुसऱ्या अहवालाने त्या पोलिसावर खटला भरण्यास नकार दिला, आणि तरुण हात वर करून शरण येत असताना त्याला मारले, या जगभर घोषणा झालेल्या कथनाला विश्वासार्ह पुराव्याचा आधार मिळत नाही असे म्हटले. हे दोन्ही अहवाल एकत्र वाचणे लिहिणाऱ्याला आवश्यक आहे. पहिला वाचला की ‘दंगल’ अपुरा वाटतो. दुसरा वाचला की ‘निर्घृण हत्या’ असे पहिल्या दिवशी लिहिणेही तितकेच घाईचे ठरते. ‘करावा लागला’वर मी जी हरकत घेतली, तीच निवाड्याआधीच्या ‘हत्या’ आणि ‘खून’ या शब्दांवरही घ्यावी लागते.

‘घटनेचे पडसाद उमटले’ हा अतिवापराने गुळगुळीत झालेला वाक्प्रचार आहे खरा, पण त्याची बाजू घ्यावीशी वाटते. संस्कृत ‘प्रतिशब्द’ म्हणजे प्रतिध्वनी; त्यापासून आलेला ‘पडसाद’ हा शब्द आधी मूळ आवाज झाला होता याची आठवण ठेवतो.

‘जमाव’ हा कायद्यातला शब्दही आहे. पाच किंवा अधिक व्यक्ती समान बेकायदेशीर उद्देशाने एकत्र आल्या, की भारतीय दंड संहितेप्रमाणे आणि आताच्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे तो ‘बेकायदेशीर जमाव’ होतो, आणि त्यातल्या एकाने केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी इतरांवरही येऊ शकते. बातमीतला ‘जमाव’ नकळत त्या अर्थाकडे झुकतो. मृताच्या घरासमोर जमलेले शेजारी, मेणबत्त्या घेऊन आलेले विद्यार्थी, कामावरून परतताना अडकलेले लोक, या सर्वांना ‘जमाव’ म्हटले की त्यांच्यावर चाललेली गोळी निम्मी समर्थनीय होऊन बसते. रहिवासी, मोर्चेकरी, निदर्शक, बघे, वाटसरू असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत. ते वापरण्यासाठी जागेवर जाऊन माणसे पाहावी लागतात, एवढेच. काळाबरोबर हे शब्द कसे बदलतात तेही पाहण्यासारखे आहे. १८७५ साली सुपे येथे सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या चळवळीत सावकारांची कर्जखते जाळली गेली. सरकारी दप्तराने तिला ‘दख्खनचे दंगे’ म्हटले, आज आपण ‘उठाव’ म्हणतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला पोलिसांच्या गोळ्यांनी पंधरा जण पडले, तेव्हा सरकारच्या लेखी ते बेकायदा जमावातले लोक होते; संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर ते हुतात्मे झाले आणि चौकाला त्यांचे नाव मिळाले. आंदोलन यशस्वी झाले म्हणून त्यांना तो मान मिळाला. हरलेल्या आंदोलनातल्या मृतांना आपण कोणता शब्द दिला, याचा शोध कोणी तरी घ्यायला हवा.

शेवटी चौकशीच्या परिभाषेतली एक चूक, जी फार वेळा दिसते. चौकशी आयोग हे न्यायालय नव्हे. १९५२ च्या कायद्याखाली नेमलेला आयोग तथ्ये शोधतो आणि शिफारस करतो; तो कोणाला ‘दोषी’ ठरवत नाही. तेथे ‘ठपका ठेवला’ हा आपला जुना शब्द अगदी बरोबर बसतो. त्याचप्रमाणे फर्ग्युसन प्रकरणात ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरण्याइतका आधार आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, नोव्हेंबर २०१४ मध्ये आरोप निश्चित करण्यास नकार दिला, तेव्हा ‘पोलिसाची निर्दोष मुक्तता’ असे लिहिणे चुकीचे होते. खटलाच उभा राहिला नव्हता. मुक्तता होण्यासाठी आधी खटला व्हावा लागतो. खटला व्हावा एवढीच रस्त्यावर आलेल्या अनेकांची मागणी होती, त्यामुळे ‘खटला चालवण्यास नकार’ हेच शब्द तेथे हवेत.