खेकड्याच्या नसेला झुरळाचं उत्तर का चिकटवता?

कृष्णाकाठी (सांगली)
सेटच्या (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेच्या) क्लासच्या नोट्समध्ये एक ओळ आहे, "आर्थ्रोपोडांच्या मज्जारज्जूवरच्या आवरणात पेशी टाइट जंक्शनने घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्तातले आयन आत जात नाहीत." आर्थ्रोपोड म्हणजे कीटक-खेकड्यांसारखे सांधेदार पायांचे प्राणी, टाइट जंक्शन म्हणजे दोन पेशी फट न ठेवता शिवणारा सांधा. मी सरांना विचारलं की सर, हे झुरळ-टोळाचं झालं, खेकड्याचं काय? सर म्हणाले तेच लिहायचं, मार्क मिळतो. मार्क मिळेल हो, पण हे चुकीचं आहे आणि मला झोप लागेना म्हणून इथं टाकतोय.

आधी हे आवरण कीटकाला लागतं कशाला ते बघा. पानं खाऊन जगणाऱ्या बऱ्याच कीटकांच्या रक्तात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. असलं रक्त थेट नसेला लागलं तर नस गप्पच होणार. हॉयलनं १९५३ साली टोळावर हे दाखवलं, आवरण शाबूत असताना बाहेर पोटॅशियम वाढवलं तरी नस बराच वेळ चालत राहते, आवरण सोललं की लगेच बंद. आता खेकड्याचं रक्त घ्या. सोडियम जास्त, पोटॅशियम कमी, म्हणजे नसेला जसं हवं तसंच. मग इतका बंदोबस्त करायचा कुणापासून? जोन अॅबटनी १९७० साली कार्सिनस या समुद्री खेकड्यावर काम करून सरळच म्हटलं की याच्यात कीटकासारखा रक्त-मेंदू अडसर, म्हणजे रक्तातलं नसांपर्यंत पोचू न देणारी भिंत, नाही. ५० वर्षं होऊन गेली, आमच्या नोट्सपर्यंत पोचलंच नाही अजून.

मिरजकर_२२
भावा परीक्षा पास हो आधी, मग खेकड्याला न्याय दे. पेपर काढणाऱ्याकडं पण त्याच नोट्स असतात.

जाळीदार
क्लासवाल्यांना शिव्या घाला, माझं काही म्हणणं नाही, पण तुम्ही पण तीच गल्लत करताय. 'टाइट जंक्शन नाही म्हणजे अडसर नाही' हे कुठून आलं? पेशींमधले सांधे एकाच जातीचे नसतात. डेस्मोसोम म्हणजे नुसती टाचणी, पेशी फाटू नयेत म्हणून. गॅप जंक्शन म्हणजे दोन पेशींमधलं दार, २-३ नॅनोमीटरच्या फटीतून आयन या पेशीतून त्या पेशीत, आणि ते आपल्यासारखं कनेक्सिन नावाच्या प्रथिनाचं नाही, इनेक्सिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं. आणि सेप्टेट जंक्शन म्हणजे शिडी, दोन पडद्यांमध्ये १५ ते २० नॅनोमीटर अंतर आणि मध्ये आडव्या पायऱ्याच पायऱ्या. फळमाशीत रक्त-मेंदू अडसराचं मुख्य काम ही शिडीच करते. तिथलं एक प्रथिन बिघडवलं की अडसर गळायला लागतो. म्हणजे कीटकाबद्दलसुद्धा तुमच्या नोट्समधली ओळ अर्धवट आहे. तेव्हा खेकड्यात टाइट जंक्शन शोधून, नाही सापडलं म्हणून निकाल देऊ नका. आणि कार्सिनस एक जात आहे, सगळे क्रस्टेशियन (खेकडे, कोळंबी वगैरे) नव्हेत.

कृष्णाकाठी
मान्य, शिडीचं मी विसरलो होतो. पण फोटोत सांधा काय दिसतो यापेक्षा बाहेरून टाकलेली गोष्ट आत पोचते का हे महत्त्वाचं ना. लॅन्थेनम हा धातू टाकून बघतात तेच त्यासाठी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली लॅन्थेनम काळंकुट्ट दिसतं, दोन पेशींच्या फटीत शाईची रेघ ओढल्यासारखं उतरत जातं, आणि जिथं रेघ थांबली तिथं अडसर. रेघ आतपर्यंत गेली तर तुमच्या शिडीच्या पायऱ्या मोजून उपयोग काय?

जाळीदार
लॅन्थेनम शिरलं म्हणजे सगळंच शिरतं असं नाही, एवढंच म्हणतोय. छोटा आयन आत गेला आणि मोठं प्रथिन बाहेरच राहिलं, तर त्याला अडसर म्हणायचं की नाही? तुम्ही 'आहे की नाही' विचारताय, मी 'कुणाला आहे' विचारतोय.

बागायतदार_तासगाव
मला त्या जंक्शनातलं काय कळत नाय पण वाचतोय. आमच्याकडं मिरगात वढ्याला खेकडं निघत्यात, बॅटरी आणि पोतं घिऊन पोरं जात्यात. औषध मारल्यावर पाऊस झाला की बागंतलं पाणी वढ्याला येतं आणि दुसऱ्या दिवशी खेकडं उलटं पडल्यालं दिसतंय, पाय नुसतं थरथरत्यात. मग हे आवरण ढिलं असतंय म्हणून औषध लगेच डोक्यात जातं का? तसं असंल तर हे शिकवायलाच पायजे, पेपरला असू दे नायतर नसू दे.

कृष्णाकाठी
दादा, हेच तर! अगदी हेच.

जाळीदार
नाही हो, हे अजिबात 'हेच' नाही. कृष्णाकाठी, टाळ्यांच्या नादात वाहून जाऊ नका. सायपरमेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक तेलकट असतं, पेशीच्या पडद्यातून आरपार जातं, त्याला फटीतून वाट काढायची गरजच नाही. घट्ट आवरणवालं झुरळ पण त्याच औषधानं मरतं ना? मग सांधा ढिला की घट्ट यानं फरक काय पडला? ते औषध नसेवरच्या सोडियम चॅनेलला, म्हणजे सोडियम आत घेणाऱ्या दाराला, धरतं, चॅनेल वेळेवर बंद होत नाही, म्हणून पाय थरथरतात. आवरणाचा प्रश्न येतो तो विद्युतभार असलेल्या, पाण्यातच राहणाऱ्या रेणूंसाठी. कायमचा धनभार असलेली रसायनं कीटकनाशक म्हणून फारशी चालली नाहीत, त्याचं एक कारण हे आवरणच.

कृष्णाकाठी
ठीक आहे, औषधाच्या बाबतीत माझं चुकलं. तरी मूळ मुद्दा तसाच राहतो, झुरळाचं उत्तर खेकड्याला लावायचं नाही.

बागायतदार_तासगाव
म्हंजे आवरण असू दे नसू दे, खेकडं मरायचंच. मग वढ्याच्या कडंला चार वळी सोडून मारतो यंदा, आणि काय.

वाईची_आक्का
मी पाट्यावर नांग्या कुटून रस गाळून रस्सा करते, त्यात नांगी मोडली की एक पांढरट पट्टी निघते, लहानपणापासून आम्ही तिला नसच म्हणतो. तीच का ही?

जाळीदार
नाही आक्का, ती स्नायू जिला चिकटतो ती पट्टी, ओढली की नांगी मिटते, कवचाच्याच द्रव्याची असते म्हणून कडक लागते. नस मऊ. कच्च्या खेकड्याचा चालायचा पाय घ्या, सांध्याच्या अलीकडं कवचाला गोल चीर द्या आणि हळूच ओढा, पांढरा ओला दोरा सुळकन बाहेर येतो. नसांचा अभ्यास करणाऱ्या हॉजकिननं स्क्विडकडं (माकुळाकडं) वळायच्या आधी खेकड्याच्याच नसांवर काम केलं होतं, पुढं १९६३ चं नोबेल मिळालं. त्यातला एकेक तंतू सोडवून बसायला मात्र माझ्यासारख्याचा हात चालत नाही, तीनदा तुटलाय.

मिरजकर_२२
हे पेपरला येणार का?

वाईची_आक्का
अरे तू गप. जाळीदार, कच्चा खेकडा चिरायचा म्हणजे आधी बर्फात ठेवून सुन्न करायचा ना? जित्याचा पाय ओढणार नाही मी.

जाळीदार
हो आक्का, बर्फात आधी. आणि दोरा निघाला की लगेच मिठाच्या पाण्यात टाका, साध्या पाण्यात टाकला तर मरतो. मिठाचं प्रमाण इथं लिहीत नाही, कृष्णाकाठी पुन्हा सोडियमवर सुरू होतील.

कृष्णाकाठी
सुरू होणारच. मिठाच्या पाण्यात नस तगते म्हणजे बाहेर काय हवं ते कळलं की, पानं खाणाऱ्या किड्याच्या रक्तात टाकून बघा मग.