दहावी-बारावीतली झोप, खेळ आणि डोकं: तुमचे अनुभव लिहा

गवतीचहा
भाचा राहायला आलाय, अकरावी, इंटिग्रेटेडवाला (कॉलेज आणि एंट्रन्सचा क्लास एकत्रच). पडदे ओढून दुपारी साडेबारापर्यंत झोपला, जेवतोस का विचारलं तर "मूड नाही". ताई म्हणते नुसता आळशी झालाय. मला एकदम 2006 चं लातूर आठवलं. बारावीला रूम करून राहिलो होतो. गावाकडं रोज खोखो खेळणारा मी, तिथं खेळ बंद, कारण खेळणं म्हणजे वेळ वाया. रात्री दोनपर्यंत जागायचं, डोळे मिटायला लागले की टपरीवरचा चहा, सकाळी परत सहाचा क्लास, नाष्ट्याच्या जागी पण चहाच. दिवाळीनंतर वाचलेलं डोक्यात राहीना आणि विनाकारण रडू यायचं, बाथरूममधे नळ सोडून रडायचो. कुणाला सांगणार, वडील उसाच्या बिलावर फी भरत होते. रूम पार्टनर उदगीरचा, तो विचारबिचारत बसला नाही, रोज संध्याकाळी कॉलर धरून व्हॉलीबॉलला न्यायचा. आणि अकराला लाईट बंद, भांडण झालं तरी. हळूहळू माणसात आलो. मेडिकल नाही लागलं, फार्मसी केली, मस्त चाललंय. तुमचं काय, पोरांचं काय, लिहा.

चिंचगूळ
आमची दहावीत. शाळा सातची, म्हणजे साडेपाचला उठ, सव्वासहाला रिक्षा. संध्याकाळचा क्लास साडेआठला सुटतो मग जेवण मग होमवर्क मग मैत्रिणींशी चॅट (तेवढंच तिचं आयुष्य उरलंय), साडेबारा होतातच. आणि आपण म्हणतो चिडचिडी झालीये. 2024 ला सरकारने शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हटलं तेव्हा मी उडालेच आनंदाने, मग नीट वाचलं, चौथीपर्यंतच. पाचवीपासून पुढे पोरांना झोप लागत नसावी बहुतेक. कुकर झाला, येते परत

सातासमुद्रा
@चिंचगूळ नियम उलटा हवा होता :) लहान पोरं सातला टुणकन उठतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलॅटोनिन उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे दहाला झोप म्हटलं तरी येत नाही त्यांना. आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची. आम्ही कॅलिफोर्नियात, इथे 2022 पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवता येत नाही, कायदाच आहे. म्हणून आमचा लेक भरपूर झोपतो असं समजू नका, वाचलेला वेळ यूट्यूबला दिलाय त्याने.

लवंगी_कोल्हापूर
आमच्या वेळी डिप्रेशन बिप्रेशन नव्हतं, बापाचं पायताण होतं. पहाटे तालीम, वर दूध, रात्री नऊला गार 😂

शेवंती
@लवंगी दादा, तेव्हापण होतं हो. माझा मामा सतरा वर्षांचा असताना गेला. घरात अजून त्याचं नाव निघत नाही.

लवंगी_कोल्हापूर
ताई, शब्द मागे घेतो. पण तालमीचं तेवढं खरं बरं का. पोरगं दोन दिवस आलं नाही की वस्ताद घरी यायचे विचारायला. आता क्लासवाले ॲपवर ॲबसेंटचा मेसेज टाकतात, संपलं.

नाईटमोड
2020 ला पब्जी बंद झालं तेव्हा मी अकरावीत, घरच्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. सगळ्यांचं एकच, गेममुळे असा झालाय. अरे पण लॉकडाऊन, पप्पांचं काम गेलेलं, वन रूम किचनमधे पाच जण, रात्री एकनंतरच मला कोपरा मिळायचा. झोप येत नव्हती म्हणून खेळायचो आणि खेळायचो म्हणून अजून येत नव्हती, दोन्ही खरं. गेम गेला तरी मी तसाच. फरक पडला तो काकाने दुधाच्या लाईनला सोबत न्यायला सुरुवात केली तेव्हा, साडेचारला उठायचं म्हटल्यावर रात्री आपोआप आडवा व्हायचो. वर दोन पैसे पण.

मोगरा78
थोडं अवांतर. पोरगी पंधराची, सारखी झोपून, केस गळायचे, मैत्रिणींकडे जाणं बंद. सासूबाई म्हणे नखरे. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ, बी12 आणि डी दोन्ही तळाला. आम्ही शाकाहारी, त्यात ही डबा तसाच परत आणायची आणि बाहेर मॅगी. इंजेक्शनं-गोळ्यांनी बरीच उठून बसली, पण सगळं नाही गेलं, काउन्सेलिंग पण चालू ठेवलंय. तेव्हा रक्त तपासाच, पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून "तुला काही झालेलं नाही" म्हणू नका.

फळा_खडू
ज्युनिअर कॉलेजला शिकवते. खेळाचा तास टाइमटेबलवर असतो, घेतात गणितवाले. आणि ते एनर्जी ड्रिंक! बारीक अक्षरात मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं, ते वाचतंय कोण, परीक्षेच्या आठवड्यात कचऱ्याची बादली त्याच बाटल्यांनी भरते. दोन आठवड्यांच्या वर मूल गप्प असेल, खाणं-झोप बिघडली असेल तर वाट बघत बसू नका. टेलिमानस 14416, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीपण. मरायच्या गोष्टी कुणी चेष्टेत केल्या तरी त्याच दिवशी लावा. @गवतीचहा भाच्याला नुसतं विचारा तरी.

गवतीचहा
विचारलं. "मामा तू बोअर करतोस" 😀 पण संध्याकाळी दळण आणायला आला सोबत. येताना बोलला थोडं, ते इथं लिहीत नाही. ताईशी मात्र बोलणार आहे आज.

चिंचगूळ
आले. भाच्याला पोहे करून घाला. आणि मेस कुठली हो तुमची? आमचे हे पण 2006 लाच लातूरला होते, तिथल्या वरणाच्या नावाने अजून बोटं मोडतात.

गवतीचहा
कुठली का असेना, वरण सगळीकडं एकच. ताटाचं नक्षीकाम दिसायचं त्यातून.

लवंगी_कोल्हापूर
इकडं या, तांबडा पाजतो 🌶️