चित्रकथीची पोथी पडद्यावर हलवावी का?

मूळ मांडणी:
कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेची, जुनी चित्रे स्कॅन करावीत, पात्रांचे हातपाय संगणकावर सुटे करून त्यांना हालचाल द्यावी आणि रामायण-महाभारतातल्या कथा अशा सांगाव्यात, असे हल्ली सुचवले जाते. माझा विरोध संगणकाला नाही, चित्र हलवण्याला आहे. पोथीतली, म्हणजे एका कथेच्या संचातली, चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक बाजू सांगून झाली की कथेकरी पान उलटतो, आणि ते कधी उलटायचे हे तो समोरच्यांचे चेहरे पाहून ठरवतो. सीताहरणाच्या वेळी एखाद्या आजींनी पदर डोळ्यांना लावला, तर ते पान आणखी थोडा वेळ तसेच राहते आणि वीणा वाजत राहते. आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या कथेला असे थांबता येणार नाही.

प्रतिसाद:
थांबण्याचा मुद्दा मान्य, पण हलते चित्र या परंपरेला परके नाही. याच ठाकरांकडे चामड्याच्या बाहुल्या आहेत : मागे दिवा, पुढे पडदा आणि त्यावर हलणारी सावली. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ हा पडद्यावरच्या चित्रांचा खेळ सुरू केला, तेव्हा काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांतून प्रकाश सोडून, एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था भराभर बदलत ते हालचालीचा भास निर्माण करत. निवेदन मात्र तिथेच, प्रेक्षकांसमोर होई.

मूळ मांडणी करणारी:
हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. पटवर्धनांकडे प्रत्येक काच पडद्यासाठीच रंगवलेली होती. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कारणाने काढलेल्या चित्राचे अवयव त्यांनी तोडले नव्हते.

आणखी एक प्रतिसाद:
मी कुडाळचा आहे. आमच्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरते, त्यामुळे निदान स्कॅन तरी तातडीने व्हायला हवे. पिंगुळीचे चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली, पण एका कुटुंबाने किती सांभाळायचे? पडद्यासाठी ठाकर मुलांकडूनच त्याच शैलीत नवी चित्रे काढून घ्यावीत, त्यांना रीतसर मोबदला द्यावा, आणि चित्र बदलण्याची कळ कथेकऱ्याच्या हातात ठेवावी.

मूळ मांडणी करणारी:
कळ त्याच्या हातात राहणार असेल, तर माझा अर्धा आक्षेप मिटतो. नव्या चित्रांनाही माझी हरकत नाही. जुन्या पोथीतल्या सीतेचा हात मात्र कोणी सुटा करू नये, ही मागणी मी सोडणार नाही.