शब्दचर्चा : ‘क्षय’, ‘शाखा-गुणोत्तर’ आणि शेपूट

खानापूर : मराठी माध्यमाच्या मुलांसाठी पायॉन या अल्पायुषी कणाच्या दुर्मिळ क्षयावर टिपण करतोय : एरवी तो म्युऑनमध्ये (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) फुटतो, क्वचित थेट इलेक्ट्रॉनमध्ये. ‘क्षय’ म्हटलं की वर्गाला टीबी आठवतो. ‘ऱ्हास’ चालेल? ब्रँचिंग रेशोला काय लिहू?

बेळगाव : ‘क्षय’च ठेवा, सर. एकेकटा पायॉन झिजत नाही. असतो तोवर अख्खा, मग एकदम फुटतो. घटते ती पायॉनांची संख्या. शेजारच्या कन्नड वर्गातही ‘क्षय’च म्हणतात.

निपाणी : ब्रँचिंग रेशो म्हणजे ‘शाखा-गुणोत्तर’ : एकूण क्षयांत एका वाटेचा वाटा. पायॉनच्या प्रयोगात मोजतात ते वेगळं, इलेक्ट्रॉनची वाट भागिले म्युऑनची वाट. तिथे नुसतं ‘गुणोत्तर’ लिहा. किती पायॉन थांबले हे त्यात कटून जातं, म्हणूनच तर ते इतकं नेमकं मिळतं. सिद्धांत सांगतो दहा हजारांत १.२३५२, कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत पायन्यू गटाला २०१५ मध्ये १.२३४४ मिळालं, अनिश्चितता ०.००३०. फरक त्रुटीच्या आत, म्हणजे लेप्टॉनांची सार्वत्रिकता (इलेक्ट्रॉन काय, म्युऑन काय, दुर्बल बल दोघांना सारखंच वागवतं हा नियम) अजून शाबूत.

खानापूर : पॉझिट्रॉनच्या (धन इलेक्ट्रॉनच्या) ऊर्जेच्या आलेखात ‘टेल’ आहे, ते ‘पुच्छ’ लिहिलंय.

बेळगाव : पुच्छ धूमकेतूला. इथे सरळ ‘शेपूट’ लिहा आणि जागा जास्त द्या, सगळी अडचण तिथेच आहे. धन पायॉन थेट फुटला तर पॉझिट्रॉन सुमारे ७० एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक). म्युऑनमार्गे आला तर जास्तीत जास्त ५२.८. मधे रेष मारली की काम झालं असं वाटतं. पण ऊर्जा मोजणाऱ्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकातून थोडी ऊर्जा बाहेर गळते. आयोडीनच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन सुटले तर तेही आपला वाटा घेऊन जातात. मग ७० चा पॉझिट्रॉन रेषेखाली दिसतो, म्युऑनवाल्यांच्या गर्दीत. हे शेपूट सुमारे ३ टक्के.

निपाणी : आणि नोंदी वाढवून ही चूक जात नाही. उद्यमबागेतल्या मायक्रोमीटरची झीरो एरर शंभरदा मोजून कमी होते का? शेपूट वेगळं मोजावं लागतं : माहीत असलेल्या ऊर्जेचे पॉझिट्रॉन वेगवेगळ्या कोनांतून थेट स्फटिकात सोडायचे. दुसरा उपाय, म्युऑनवाले गाळायचे. पायॉनचं आयुष्य २६ नॅनोसेकंद, म्युऑनचं २१९७. म्हणून सुरुवातीच्याच नोंदी घ्यायच्या. लक्ष्यात, म्हणजे पायॉन जिथे थांबवतात त्या तुकड्यात, म्युऑनचे जादा ४.१ एमईव्ही दिसले की ती नोंद बाद.

बेळगाव : टिपणात ‘अचूक’ आणि ‘काटेकोर’ एकाच अर्थी वापरलेत, तेवढं वेगळं करा. नोंदी वाढल्या की मोजमाप काटेकोर होतं, शेपूट नीट कळलं तर अचूक.