घरात मालवणी बोललं म्हणून मूल उशिरा बोलत नाही

कुणीतरी लिहिलंय की नात दोन वर्षांची झाली, मोजकेच शब्द बोलते, म्हणून आजीने तिच्याशी मालवणी बोलणं थांबवावं. कृपया असं करू नका. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना दोन्हीकडचे एकत्र धरायचे असतात. ‘माका’ही शब्दच आणि ‘मला’ही शब्दच.

आमच्याकडे वेंगुर्ल्यात माझा मुलगा आजीसोबत खळ्यात बसायचा. मासे निवडताना ती एकेक उचलून सांगायची, ‘ह्यो बांगडो, ही सुंगटा’. मग ‘बांगडो खंय?’ विचारून गप्प बसायची. तो आधी नुसतं बोट दाखवायचा. कितीतरी दिवसांनी ‘बांगो’ म्हणाला. ते थांबणं फार मोलाचं, कारण मुलाला समजतं आधी आणि बोलता येतं नंतर. उत्तराला जागा मिळाली की ते प्रयत्न करतं. मोबाईल ही जागा देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नकोच म्हटलं, तेही ध्यानात घ्या.

पण काळजी खरी आहे. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण ५० शब्द आणि ‘आजी ये’ अशी दोन शब्दांची जोडी अपेक्षित असते. ती नसेल तर ‘बापूसही उशिराच बोललेलो’ म्हणत वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या, हाकेला वळत असली तरीही. थोडं कमी ऐकू येणं घरच्यांच्या सहज लक्षात येत नाही. आजीला मात्र बोलू द्या.